मित्रांचा निरोप घेऊन एकट्याने डोंगरावर

थंडी पडू लागली की या सदराकडे डोंगरवाटांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे : जुन्या मित्रमैत्रिणींना भेटायला जायचे आणि परतण्यापूर्वी एक दिवस एकट्याने डोंगर चढायचा. ही चारही पत्रे म्हणूनच एकत्र घेतली आहेत. पहिल्याला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातला बराचसा भाग पुढच्या तिघांनाही लागू पडतो.

प्रश्न : माझे वय 59 आहे. वसतिगृहात चार वर्षे एका खोलीत राहिलेले आम्ही चार मित्र दर दोन-तीन वर्षांनी कोणा एकाच्या घरी जमतो. यंदा जानेवारीत नाशिकला दोन दिवस भेटणार आहोत आणि त्यानंतर एकट्याने कळसूबाईला जाण्याचे माझ्या मनात आहे. 1991 च्या हिवाळ्यात आम्ही चौघे मिळून तेथे गेलो होतो. आता एकाचे गुडघे गेले आहेत, दुसऱ्याची बायपास झाली आहे. तिसरा यायला तयार आहे. परंतु खरे सांगायचे तर या वेळी मला सोबत नको आहे. मी रोज पाच किलोमीटर चालतो आणि रक्तदाबाची एक गोळी घेतो. पत्नीचा या बेताला विरोध आहे. एकट्याने जाणे शहाणपणाचे आहे काय, आणि मित्राला न दुखावता नकार कसा द्यावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जावे, असे माझे मत आहे. मात्र आपण ज्याला धोका समजत आहात तो आणि मला दिसणारा धोका हे दोन वेगळे आहेत. आपल्या पत्नीला एकटेपणाची काळजी वाटते. मला काळजी वाटते ती आदल्या दोन दिवसांची. जुने मित्र भेटले की माणूस तीस वर्षांनी लहान होतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गप्पा चालतात, जेवण उशिरा आणि जड होते, कोणी ग्लास पुढे केला तर नाही म्हणवत नाही, आणि त्या गप्पांमध्ये 1991 च्या चढाईची गोष्ट प्रत्येकाच्या तोंडून थोडी थोडी वाढत जाते. ‘आपण दोन तासांत माथ्यावर होतो’ हे वाक्य कोणीतरी म्हणणारच. ते खरेही असेल. पण आपण पायथ्याच्या बारी गावातून निघाल तेव्हा ते दोन तास आपल्या डोक्यात असतील आणि पाय मात्र 59 वर्षांचे, झोप न झालेले असतील. एकट्या माणसाला अडवणारे कोणी नसते हे खरेच, परंतु या बाबतीत आपल्याला ढकलणारे तिघे जण सोबत नसूनही सोबत असतील.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की भेटीच्या दुसऱ्याच पहाटे नाशिकहून निघून चढाई करू नये. निरोप घेतल्यावर दुपारी घोटीमार्गे बारीला किंवा त्यापुढे भंडारदऱ्याला जावे, संध्याकाळी गावातून पायथ्यापर्यंत एक फेरफटका मारून सकाळच्या वाटेचे तोंड पाहून ठेवावे आणि लवकर झोपावे. बारीत घरगुती जेवणाची व मुक्कामाची सोय होते. ही एक रात्र मध्ये घातली की दोन गोष्टी साधतात : झोप भरून निघते आणि मद्य घेतले असेल तर त्याचा परिणाम ओसरतो. मद्याने अंगात ऊब येते हा समज थंडीत विशेष घातक आहे, कारण त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने ऊब जाणवते खरी, परंतु तीच उष्णता शरीराबाहेर जात असते. शिवाय लघवीवाटे पाणीही कमी होते.

आता डोंगराविषयी. कळसूबाई 1646 मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे, आणि बारीकडून माथ्यापर्यंतचा चढ आठशे मीटरांहून थोडा अधिक भरतो. स्कॉटलंडमधील नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ढोबळ हिशेब मांडला होता, तो आजही उपयोगी पडतो : सपाटीच्या दर पाच किलोमीटरांना एक तास आणि चढाच्या दर सहाशे मीटरांना आणखी एक तास. वाट चार किलोमीटरांची धरली तर या हिशेबाने सव्वादोन तासांच्या आत माथा गाठता यावा. हा हिशेब तंदुरुस्त माणसाचा असून त्यात विश्रांती धरलेली नाही. आपल्या वयाला, पाठीवरच्या ओझ्यासह, मी साडेतीन तास धरीन आणि उतरायला तीन. उतरायला कमी वेळ लागतो हा तरुणांचा अनुभव आहे. पन्नाशीनंतर गुडघे चढाला क्षमा करतात, उताराला करीत नाहीत.

जानेवारीत त्या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. फटफटताच, म्हणजे पावणेसातला निघावे आणि सकाळी साडेअकरा ही परत फिरण्याची वेळ म्हणून आधीच ठरवून एका कागदावर लिहून खिशात ठेवावी. साडेअकराला आपण जेथे असाल तेथून फिरायचे, मग शेवटची शिडी समोर दिसत असली तरीही. अशी वेळ डोंगरावर उभे राहून ठरवता येत नाही. माथा डोळ्यांसमोर असताना माणूस स्वतःशी घासाघीस करतो आणि एकटा असेल तर ती हमखास जिंकतो. या वेळापत्रकाने आपण अडीच-तीनपर्यंत गावात याल आणि पाय मुरगळला, वाट चुकली किंवा नुसतेच रमलात तरी हाताशी तीन तासांचा उजेड शिल्लक राहील. सूर्योदय माथ्यावरून पाहण्यासाठी मध्यरात्री निघण्याची जी पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, ती आपण या खेपेला सोडून द्यावी.

एकट्याने पहिल्यांदा जाण्यासाठी कळसूबाईची निवड योग्य आहे, कारण तेथे वाट शोधावी लागत नाही. बारीची वाट मळलेली आहे, अवघड कातळांवर लोखंडी शिड्या आणि कठडे आहेत, आणि वाटेवर गावकऱ्यांच्या टपऱ्यांवर लिंबूपाणी किंवा पिठले-भाकरी मिळते. मात्र शनिवार-रविवारी गेलात तर एकटेपणा विसरावा. त्या दिवशी शिड्यांपाशी रांग लागते, आणि खाली उतरणारा थकलेला घोळका हा एकट्या चढणाऱ्यासाठी सुट्या दगडांइतकाच तापदायक असतो. मंगळवार-बुधवार धरावा, पण अशा दिवशी टपऱ्या बंद असू शकतात हे गृहीत धरून खाणे आणि पाणी स्वतःचे न्यावे. माथ्याखाली विहीर आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. तीन लिटर पाणी न्यावे, आणि तहान लागली नाही तरी दर अर्ध्या तासाला प्यावे, कारण थंड हवेत घाम लगेच वाळून जातो व तहान उशिरा जाणवते.

थंडीविषयी लोकांचा एक अंदाज नेहमी चुकतो. हजार मीटर वर गेले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. त्या हिशेबाने माथा बारीपेक्षा पाच-सहा अंशांनीच थंड असायला हवा. परंतु निरभ्र, निवांत रात्री थंड व जड हवा उतारांवरून घरंगळून दरीच्या तळाशी साचते, म्हणून पहाटे गावातच हुडहुडी भरते आणि माणूस आहे नाही ते सगळे अंगावर चढवून निघतो. पंधरा-वीस मिनिटांत अंग तापते, आतला सुती बनियन घामाने चिंब होतो, आणि मग माथ्यावरच्या भणाणत्या वाऱ्यात तोच ओला बनियन अंगातली ऊब ओढून घेतो. त्यामुळे निघताना थोडे कुडकुडतच निघावे, पहिल्या विश्रांतीला थांबण्याआधीच स्वेटर काढावा आणि एक कोरडा बनियन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून तो माथ्यावर पोहोचताच बदलावा. वारा अडवणारे पातळ जाकीट जाड स्वेटरपेक्षा अधिक कामाचे. सकाळी शिड्यांचे लोखंड इतके गार असते की हात सुन्न पडतात आणि त्यावर दहिवरही असते. साधे लोकरी हातमोजे तेथे घसरतात, रबरी तळव्याचे घ्यावेत. उतरताना शिडीकडे तोंड करूनच उतरावे.

वाळलेले गवत आणि मुरमाड घसारा हे हिवाळ्यातले खरे शत्रू आहेत. पावसाळ्यात माणूस जपून पावले टाकतो; कोरड्या वाटेवर निर्धास्त होतो आणि तेथेच घसरतो. एक काठी असावी, दोन असल्या तर उत्तम. कातळाच्या कडेला आग्या मोहोळ दिसले तर थांबून फोटो काढू नये, उग्र अत्तर लावून जाऊ नये आणि कोणी जवळपास शेकोटी किंवा विडी पेटवीत असेल तर त्याला हटकावे; सह्याद्रीत बिबट्यापेक्षा मधमाश्यांनी अधिक माणसे संकटात टाकली आहेत. माथ्यावर कळसूबाईचे लहानसे देऊळ आहे. नवरात्रात तेथे यात्रा भरते; जानेवारीतल्या आडवारी आपण आणि वारा. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ही दुर्गत्रयी, दक्षिणेकडे रतनगड आणि त्यामागे हरिश्चंद्रगड, पूर्वेला पट्टा आणि बितनगड असा पसारा दिसतो. त्यासाठी वेळापत्रकात अर्धा तास धरावाच. नुसते शिवून परत फिरण्यात अर्थ नाही.

गोळीविषयी डॉक्टरांना एकच प्रश्न नेमका विचारावा : ही गोळी कोणत्या गटातली आहे? बीटा-ब्लॉकर गटातली असेल तर हृदयाची गती एका मर्यादेपलीकडे वाढत नाही आणि चढावर दम लवकर लागतो. लघवी वाढवणारी असेल तर पाण्याची गरज वाढते. दोन्हींमुळे जाणे अशक्य होत नाही, चाल बदलावी लागते. आपल्या मनाने त्या दिवसाची गोळी चुकवू मात्र नये. आपण रोज चालता ते पाच किलोमीटर सपाटीचे असावेत असे दिसते. निघण्यापूर्वी दोन महिने आठवड्यातून दोनदा एखादी टेकडी किंवा चार मजल्यांचा जिना पाठीवर पाच किलो घेऊन चढावा-उतरावा. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, असे काही चढताना जाणवले तर तेथेच बसावे आणि माथ्याचा विचार सोडून द्यावा.

राहिला तो मित्र. त्याला सोबत नको म्हणताना कारणे शोधत बसू नये; वसतिगृहात चार वर्षे एका खोलीत काढलेल्या माणसाला बनावट कारण लगेच ओळखू येते. ‘मला एक दिवस एकट्याने तेथे चालायचे आहे, पण त्या दिवशी माझी वाट तू पाहावीस’ असे सांगावे आणि हे नुसते गोड बोलणे ठेवू नये. बाहेर पडण्याची वेळ, वाट, परत फिरण्याची वेळ, मुक्कामाच्या घराचा दूरध्वनी क्रमांक आणि ‘चार वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर पुढचे तू करायचे’ हा भार त्याच्यावर सोपवावा. वाट पाहणारा असला की एकट्याने जाणे निभते. हे काम आपल्या पत्नीवर टाकू नये. त्या सांगलीत आहेत, मित्र नाशिकला आहे आणि नाशिकहून बारीला गाडीने दोन तासांच्या आसपास पोहोचता येते. सौभाग्यवतींना हे सगळे लिहून दाखवलेत तर त्यांचा विरोध मावळेलच असे मी म्हणत नाही, पण निदान तो नेमक्या मुद्द्यांवर येईल.

जाता जाता : त्या भागात सांगतात की काळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली ती केर काढणार नाही व भांडी घासणार नाही या अटीवर, आणि ती अट मोडली गेली तेव्हा ती या डोंगरावर निघून गेली. आपणही परत आल्यावर त्या दिवशीच्या रात्रीची भांडी घासण्याची तयारी ठेवावी.

प्रश्न : मी 36 वर्षांची आहे. डिसेंबरमध्ये पुण्यात जुन्या मैत्रिणींकडे जाणार आहे. दुसऱ्या दिवशी एकटीने राजगड करावा असे वाटते. गटाबरोबर सहा-सात किल्ले केले आहेत. मला जनावरांची नव्हे, माणसांची भीती वाटते. ती अवास्तव आहे का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : अवास्तव नाही, आणि ‘काही होत नाही’ असे सांगून ती उडवून लावणाऱ्यांचे ऐकू नये. परंतु ती भीती गडाला कमी आणि गडापर्यंतच्या प्रवासाला अधिक लागू आहे, असे एकट्याने फिरणाऱ्या बहुतेक स्त्रियांकडून मी ऐकले आहे. अंधारात फाट्यावर गाडीची वाट पाहत उभे राहण्याची वेळ येणार नाही अशी जाण्यायेण्याची व्यवस्था आधी पक्की करावी. शेवटच्या एसटीवर बेत उभारू नये. शक्य असल्यास मैत्रिणींपैकी कोणी पायथ्याशी सोडायला व न्यायला यावे. गड न चढताही त्यांचा दिवस तेथे चांगला जाईल.

वाट पाली दरवाजाची धरावी. गुंजवणे गावाकडून चोरदरवाजाने जाणारी वाट जवळची असली तरी शेवटचा टप्पा उभा व कठड्यांना धरून चढण्याचा आहे. पालीची वाट रुंद, पायऱ्यांची आणि जुना राजमार्ग असल्यामुळे चुकण्यासारखी नाही. पायथ्याच्या गावात एखाद्या घरी चहा घ्यावा, घरातल्या बाईंशी दोन शब्द बोलावेत आणि ‘तीनपर्यंत उतरते, जेवायला येथेच येईन’ असे सांगून ठेवावे. गावात एका घराला आपली खबर असणे यासारखे संरक्षण नाही. वाटेत कोणी ‘एकट्याच आलात का?’ असे विचारले तर ‘मंडळी मागून येत आहेत’ असे सांगण्यात काही पाप नाही. आपण कोठे आहोत त्याची छायाचित्रे घरी परतल्यावरच समाजमाध्यमांवर टाकावीत. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. डिसेंबरच्या दिवसात एकटीने पद्मावती आणि संजीवनी पुरे. बालेकिल्ल्याचा कातळटप्पा सोबत असताना करावा.

प्रश्न : पुण्यातील महाविद्यालयाचे माझे दोन मित्र आता इंग्लंडमध्ये लँकेस्टरला राहतात, मी मँचेस्टरजवळ असतो. नववर्षाला त्यांच्याकडे जाणार आहे आणि 2 किंवा 3 जानेवारीला लेक डिस्ट्रिक्टमध्ये हेल्वेलिन हा डोंगर स्ट्रायडिंग एजच्या धारेवरून एकट्याने करण्याचा विचार आहे. सह्याद्रीत दहा वर्षे भटकलो आहे, धारांची सवय आहे. तेथील उंची जेमतेम 950 मीटर आहे, म्हणजे कळसूबाईच्याही पुष्कळ खाली. अडचण काय असावी?
— एक वाचक, मँचेस्टर परिसर

उत्तर : अडचण त्या ‘जेमतेम’ शब्दात आहे. आपण उंचीची तुलना केलीत. अक्षांशाची केली नाहीत. जानेवारीच्या आरंभी तेथे सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो, म्हणजे सात-साडेसात तासांचा उजेड. ढग खाली उतरलेले असतील तर त्याहूनही कमी. सह्याद्रीच्या हिवाळ्यात आपण पावसाची शक्यता सोडून देतो, तेथे पाऊस, गारा, हिम आणि वारा एकाच दुपारी भेटू शकतात. आणि सर्वांत वाईट हवामान कडाक्याच्या कोरड्या थंडीचे नसून शून्याच्या आसपास, पावसासह सुटलेल्या वाऱ्याचे असते, कारण ओले कपडे आणि वारा मिळून शरीराची उष्णता फार वेगाने नेतात. अशा वेळी आधी हात चालेनासे होतात, मग विचार. एकट्याच्या बाबतीत दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा भयंकर, कारण आपण चुकीचे वागत आहोत हे सांगणारे कोणी नसते.

आपल्याला धारांची सवय आहे यावर माझा विश्वास आहे. परंतु ती सवय कोरड्या कातळाची आहे. स्ट्रायडिंग एजवर बर्फ गोठला की तोच खडक काचेसारखा होतो, आणि धार संपल्यावर माथ्यावर जाण्याचा जो अखेरचा उभा उतार आहे, तेथे कठीण हिम आणि वर वाऱ्याने साचलेली हिमाची पुढे आलेली झालर असू शकते. तेथे बुटांना लावायचे लोखंडी काटे आणि हिमकुऱ्हाड लागते, आणि घसरल्यावर त्या कुऱ्हाडीने स्वतःला थांबवणे हे पुस्तक वाचून जमणारे नाही. ते दोन-तीन दिवसांच्या हिवाळी शिबिरात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शिकावे. ते शिकेपर्यंत हिवाळ्यात ही धार एकट्याने करू नये. येथे मी ‘जपून जा’ असे म्हणत नाही, ‘जाऊ नका’ असेच म्हणतो.

मग त्या दिवशी काय करावे? केझिक गावाला लागूनच लॅट्रिग नावाची 368 मीटरांची टेकडी आहे. माथ्यावरून डर्वेंटवॉटर तलाव आणि भोवतीचे सगळे डोंगर दिसतात, आणि वाट सौम्य आहे. हवा निवळली असेल आणि पायांखाली बर्फ नसेल तर 451 मीटरांचा कॅटबेल्स करावा, पण त्याच्या माथ्याजवळचे खडक गोठल्यावर निसरडे होतात हे लक्षात ठेवावे. हिवाळ्याच्या मोसमात तेथील राष्ट्रीय उद्यानाचे नेमलेले निरीक्षक दररोज हेल्वेलिन चढून हिमाची व वाऱ्याची स्थिती कळवतात. तो अहवाल आदल्या संध्याकाळी जरूर वाचावा. आपण लहान टेकडीवर जाणार असलात तरी वाचावा, कारण ज्या डोंगरावर आपण गेला नाहीत तेथे त्या दिवशी काय चालले होते हे समजले की दुसऱ्या खेपेची तयारी नीट होते. कागदी नकाशा, होकायंत्र, डोक्याला बांधायचा दिवा आणि त्याच्या जादा बॅटऱ्या ही तेथे हौस नसून गरज आहे. थंडीत मोबाइलची बॅटरी पाहता पाहता उतरते, म्हणून तो आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावा. मदत लागल्यास 999 ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे. आवाज पोहोचण्याइतकी रेंज नसली तरी कधीकधी लघुसंदेश जातो. त्यासाठी आपला क्रमांक आधीच नोंदवावा लागतो आणि ती नोंदणी 999 ला ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत पाठवून होते. तेथील बचाव पथकांतील माणसे स्वयंसेवक असतात. नववर्षाच्या सुट्टीत त्यांना घरातून उठवून आणण्याचे कारण आपण होऊ नये.

प्रश्न : आमचा एक जुना मित्र भेटीगाठी आटोपल्या की एकटाच डोंगरावर निघून जातो आणि ‘संध्याकाळी फोन करतो’ एवढेच सांगतो. गेल्या वर्षी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही. तो सुखरूप होता, नुसती रेंज नव्हती. पण त्या तीन तासांत आम्हांला काय करावे हेच सुचत नव्हते. वाट पाहणाऱ्यांनी नेमके काय करावे?
— एक वाचक, धुळे

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न खरे तर आपल्या मित्राने विचारायला हवा होता. ‘संध्याकाळी’ ही वेळ नव्हे. तो निघण्यापूर्वी त्याच्याकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात : कोणत्या गावातून आणि कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, गावातील एका माणसाचा दूरध्वनी क्रमांक, आणि आपण काळजी करायला सुरुवात करायची ती वेळ. अंगावरच्या कपड्यांचे रंग दिसतील असे त्या सकाळचे एक छायाचित्रही घ्यावे. हे देण्याची तयारी नसेल तर ‘मग आम्ही वाट पाहणार नाही’ असे स्पष्ट सांगावे. कठोर वाटेल, पण त्याला ते समजेल.

ठरलेली वेळ टळली की पहिला अर्धा तास फक्त त्याला फोन आणि संदेश करावेत. त्यानंतर लगेच गावातल्या माणसाला विचारावे : तो उतरताना कोणी पाहिला का, त्याची गाडी अजून तेथे उभी आहे का. दहापैकी नऊ वेळा येथेच उलगडा होतो. गाडी तेथेच असेल आणि उजेड जात असेल तर मात्र सकाळची वाट न पाहता 112 ला कळवावे, आणि महाराष्ट्रातील गिर्यारोहकांनी मिळून चालवलेल्या शोध-बचाव समन्वय केंद्राशी संपर्क साधावा. स्थानिक वाटा माहीत असलेली पथके त्यांच्यामार्फत लवकर निघतात. जखमी असल्याचे समजले तर 108 ची रुग्णवाहिका पायथ्याशी बोलावून ठेवावी. आपण स्वतः अंधारात शोधायला डोंगरावर जाऊ नये, कारण मग शोधायची माणसे दोन होतात. आपण फोनपाशी राहणे हेच आपले काम.

मित्राला एक शिट्टी भेट द्यावी. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचे, पुन्हा सहा वेळा : हा गिर्यारोहकांमध्ये मान्य असलेला संकटाचा इशारा आहे, आणि रात्री दिव्याच्या उघडझापीनेही तो देता येतो. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा उत्तर द्यायचे असते. शिट्टी वीस-तीस रुपयांना मिळते, आणि तिला रेंज लागत नाही.